अडून बसलेलें बूच

महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं आपला अनाथ बालिकाश्रम पुणें शहरांतून हिंगणें बुद्रुक येथें नेला. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें आटोपून ते पायीं, पावसाळ्यांत चिखल तुडवीत, तेथें जात, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या माळाचें आज कर्वेनगर झालें असून तेथील इमारतींखालीं ज्या मोटारी उभ्या असतात, त्यांत चारही चाकांना गति देणाऱ्या गाड्याही असतात. कोठें २०१० सालापासून निघूं लागलेली थार, कोठें आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा, तर कोठें एखाद्या शौकिनानें जिवापाड जपलेली जुनी जीप. आठवडाभर या गाड्या कर्वे रस्त्याच्या गर्दींत रांगतात, आणि पावसाळ्यांतील रविवारीं राजाराम पूल ओलांडून पानशेत किंवा मढे घाट या बाजूस चिखल शोधीत जातात. अण्णांनीं जो चिखल निरुपायानें तुडविला, तो हल्लीं हौसेनें तुडविला जातो.

या हौसेचा हिशेब सोमवारीं द्यावा लागतो. गाडीच्या पुढच्या व मागच्या आंसावर भोपळ्यासारखा एक लोखंडी डबा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची गति दोन्ही बाजूंच्या चाकांस वांटून देणारीं दांतेरी चक्रें त्यांत तेलांत बुडून फिरत असतात. लांबच्या प्रवासानें हा डबा चांगलाच तापतो. तशी तापलेली गाडी ओढ्यांत शिरली कीं डबा एकाएकीं थंड पडतो, आंतील हवा आकसते, आणि हवा येण्याजाण्यासाठीं ठेवलेल्या नळींतून अथवा झिजलेल्या सीलांमधून बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें. तेलाचें ताक होतें. ताकानें दांत्यांचें वंगण होत नाहीं आणि बेअरिंगांस गंज चढतो. तेव्हां तेल बदलण्यावांचून गत्यंतर नसतें. त्याकरितां डब्यास दोन बुचें ठेवलेलीं असतात. तळाच्या बुचांतून जुनें तेल सोडावयाचें आणि बाजूच्या बुचांतून नवें भरावयाचें.

गॅरेजांतील मिस्त्री या बुचासही प्लगच म्हणतात. प्लग म्हटल्याबरोबर पुष्कळांच्या डोळ्यांपुढें इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग उभा राहतो. परंतु त्याचा येथें संबंध नाहीं, आणि डिझेल इंजिनांत तर तो नसतोच. चारही चाकांना गति देणाऱ्या गाडीच्या पोटाखालीं तेलाचीं बुचें मात्र मुबलक असतात. इंजिनाच्या तळाचें एक, गिअरबॉक्सचीं दोन, पुढच्या व मागच्या आंसांत गति वांटणाऱ्या ट्रान्सफर-केसचीं दोन आणि दोन आंसांचीं चार, अशीं साधारण नऊ. कोठें गिअरबॉक्स व ट्रान्सफर-केस यांचें तेल एकच असतें; कोठें आंसाच्या डब्यास तळाचें बूच नसून झांकणच उघडावें लागतें. प्रत्येक गाडीचें पुस्तक याबाबतींत प्रमाण मानावें.

तेल सोडावयाचें आहे म्हणून माणूस स्वाभाविकपणें तळाच्या बुचास आधीं हात घालतो, आणि येथेंच घात होतो. दीड-दोन लिटर ताक परातींत उतरतें. मग वरच्या बुचास पाना लावावा तर तें जागचें हलत नाहीं. जोर केला तर त्याचे कोपरे गोल होतात, आणि आतां पाना धरावयासही जागा राहत नाहीं. डब्यांत तेल नाहीं आणि घालावयास वाट नाहीं. गाडी चालवितां येत नाहीं. दोरखंड लावून चाकांवर ओढून नेतांही येत नाहीं, कारण चाकें फिरलीं कीं आंतील चक्रें कोरडीं फिरूं लागतात. इमारतीच्या आवारांत आडवी उभी राहिलेली अशी गाडी शेजाऱ्यांच्या किती शिव्या खाते, हें सांगावयास नको. म्हणून भरावयाचें बूच आधीं सोडवावें, तें हातानें फिरूं लागल्याशिवाय तळाच्या बुचास स्पर्श करूं नये. तें सुटलेंच नाहीं तरी बिघडत नाहीं. वाईट कां होईना पण आंत तेल आहे, आणि गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाऊं शकते. हा क्रम ज्यानें पाळला त्याचें निम्मे काम झालें.

बूच अडतें कां, हें पाहूं गेल्यास दोष बहुधा ओढ्याचा नसून मागच्या खेपेस तें बसविणाऱ्या हाताचा असतो. बुचांच्या दोन जाती आहेत. एकीचे आटे सरळ असतात आणि डोक्याखालीं तांब्याचें किंवा ॲल्युमिनियमचें वॉशर असतें. गळती तें वॉशर थांबवितें. दुसरीचे आटे नळाच्या आट्यांसारखे निमुळते असतात. सोळा मिलिमीटर लांबींत व्यास एक मिलिमीटर उतरतो, अशा प्रमाणाची ती पाचर होय. दुसऱ्या महायुद्धांत प्रसिद्धीस आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतर मुंबईस सुरू केली, तेव्हांपासून अशीं नळाच्या धर्तीचीं बुचें आपल्याकडील मिस्त्र्यांच्या परिचयाचीं झालीं. पाचरीस थोडें आवळलें तरी पुरतें. पण पान्यास हातभर पाइप लावून आवळण्याची जी खोड आहे, तिनें पाचर डब्यांत ठासून बसते. त्यावर दोन पावसाळे गेले कीं गंज उरलेलें काम करतो. डबा ॲल्युमिनियमचा आणि बूच पोलादाचें असेल तर दोन धातूंच्या सांध्यांत ओल शिरून पांढरी पूड जमते, आणि ती गंजाइतकीच चिवट असते.

सोडवावयास बसण्यापूर्वीं गाडीची व्यवस्था पाहावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं जाणें म्हणजे मरणास आमंत्रण. अडलेल्या बुचावर झटका मारतांना गाडी हलतेच. सपाट जमिनीवर भक्कम घोडे लावावे आणि चाकांस दगडाची नव्हे तर लांकडाची ओट द्यावी. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर-केसच्या मागील दांड्यावर असतो. अशा गाडीचें मागचें एकच चाक उचललें तर डिफरन्शियलमुळें तें चाक मोकळें फिरतें आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळूं शकते. कित्येक अनुभवी माणसेंही हें विसरतात.

मग बुचाचें डोकें स्वच्छ करावें. बुचांत षट्‌कोनी किंवा चौकोनी खांच असेल तर ती वाळलेल्या मातीनें भरलेली असते. दाभणानें ती तळापर्यंत कोरून काढावी. ॲलन-की अर्धीच आंत गेली तर ती खांच खाऊन टाकते, आणि बुचें बिघडण्याचें हें सर्वांत सामान्य कारण आहे. बाहेरून षट्‌कोनी डोकें असल्यास सहा कोनांचें सॉकेट वापरावें. बारा कोनांचें सॉकेट कोपऱ्यांवर धरतें आणि तेच कोपरे झिजवितें. फिक्स पाना आणि पाइप-पाना यांस या कामांत थारा देऊं नये. सांध्यावर गंज सोडविणारें पातळ तेल टाकून रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं बुचाच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोड्याचे चारसहा सरळ ठोके द्यावे. गंजाची पकड या धक्क्यानें तुटते. ॲल्युमिनियमच्या डब्यावर मात्र हात हलका ठेवावा. त्यानंतर पाना लावून बूच प्रथम किंचित् आवळावें आणि मग सोडावें. आवळण्याचा हा सल्ला उफराटा वाटेल, परंतु आट्यांतील कण त्यानें हलतात.

फिरविण्याच्या दिशेचा घोंटाळा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. बुचाच्या तोंडाकडे पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरविलें कीं तें सुटतें. पण तळाचें बूच वरून वांकून चांचपणाऱ्याला हीच दिशा उलटी भासते, आणि तो सोडवितों आहे अशा समजुतीनें सर्व ताकदीनिशीं आवळीत असतो.

एवढ्यानें न भागल्यास उष्णतेकडे वळावें. पोलाद तापलें असतां दर अंशास दशलक्षांत सुमारें १२ भाग वाढतें, ॲल्युमिनियम सुमारें २३ भाग. कर्व्यांच्याच संस्थेनें १९९१ सालीं कर्वेनगरांत मुलींसाठीं काढलेल्या कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही यावरून हिशेब मांडील कीं, २४ मिलिमीटर व्यासाचें बूच व त्याचें भोंक शंभर अंशांनीं तापविलें तर दोहोंत मिलिमीटराच्या सुमारें चाळिसाव्या भागाइतकी सैल पडते. ऐकावयास ही क्षुल्लक वाटते, पण पकड सुटण्यास पुरेशी आहे. बिडाच्या डब्याची गोष्ट निराळी. बीड पोलादापेक्षां जास्त वाढत नसल्यामुळें दोन्ही सारखींच तापवून कांहीं साधत नाहीं. बुचाभोंवतालचा डबाच झपाट्यानें तापवावा आणि बूच तापण्यापूर्वीं पाना फिरवावा. ज्योत वापरतांना इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या व रबरी सीलें कोठें आहेत हें आधीं पाहावें, सांडलेलें तेल पुसून घ्यावें आणि आग विझविण्याचें साधन हाताशीं ठेवावें.

कोपरे पार गोल झाले असतील तर डोक्यास कानस लावून लहान मापाचें सॉकेट ठोकून बसवितां येतें. षट्‌कोनी खांच खाल्ली गेली असल्यास तीत चांदणीच्या आकाराचा किंचित् मोठा बिट ठोकून पाहावा. सर्वांत खात्रीचा मार्ग वेल्डिंगचा. बुचावर एक मोठा नट ठेवून त्याच्या पोटांतून तो बुचास जोडतात. धरावयास नवें डोकें मिळतें, आणि जोडतांना बूच लाल होऊन थंड होतांना आकसतें, हा फायदा वेगळाच. ॲल्युमिनियमच्या डब्यास हें पोलादी जोडकाम चिकटत नाहीं. मात्र तत्पूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या, आणि वेल्डिंगची परतीची तार बुचाच्या अगदीं जवळ डब्यावर लावावी. दूर लावली तर विद्युत्प्रवाह बेअरिंगांतून जाऊन तीं निकामी करतो. छिन्नीनें बुचाच्या कडेस ठोके देऊन फिरविण्याची जुनी तऱ्हा बिडाच्या डब्यावर चालते, पण छिन्नी निसटली तर ॲल्युमिनियमच्या डब्याचें तोंड खराब होतें, आणि मग बारा आण्यांची कोंबडी व रुपयाचा मसाला असा प्रकार होतो.

बुचास छिद्र पाडून उलट्या आट्यांचा स्क्रू आंत घालणें हा अखेरचा उपाय. तो स्क्रू कठीण पण ठिसूळ असतो. आंत तुटला तर साध्या ड्रिलनें कापला जात नाहीं, आणि मग डबा उतरवून कारखान्यांत नेण्याची पाळी येते. छिद्र पाडतांना ड्रिलला ग्रीस लावावें, म्हणजे चुरा त्यास चिकटून बाहेर येतो. तरीही जो आंत पडेल तो थोडें तेल ओतून धुवून काढावा. लोहचुंबक पोलादाचा चुरा उचलतो, ॲल्युमिनियमचा नाहीं.

भोंकाचे आटे तुटले असल्यास मोठे आटे पाडून तारेची गुंडाळी बसवितां येते किंवा एक माप मोठें बूच घालतां येतें. जुनें बिघडलेलें बूच काटकसरीखातर पुन्हां लावूं नये. सरळ आट्यांच्या बुचास नवें वॉशर, निमुळत्यास आट्यांवर सांधा बंद करणारा लेप, आणि दोहोंसही गाडीच्या पुस्तकांत दिलेला जोर पुरे. आतां तळाचें बूच काढून ताक सोडावें. तें गटारांत ओतलें तर मुठा नदी दूर नाहीं. डब्यांत भरून वापरलेलें तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावें. तळाचें बूच साफ करून परत बसवावें आणि भरावयाच्या भोंकाच्या कांठाशीं येऊन थेंब गळूं लागेपर्यंत नवें तेल घालावें. अर्थात् गाडी त्या वेळीं सपाट उभी हवी. पांचपंचवीस मैल फिरून आल्यावर दोन्ही बुचांवरून कोरडें फडकें फिरवून पाहावें, आणि पुढील रविवारीं ओढ्यांत उतरण्यापूर्वीं गाडी कांठावर थोडा वेळ थंड होऊं द्यावी.