नव्या नाटककाराचा अर्धा तास

नव्या लेखकास उत्तेजन द्यावें, याविषयीं कोणाचेंच दुमत नसतें. सभांतून ठराव होतात, बक्षिसें जाहीर होतात, वर्तमानपत्रांतून छायाचित्रें झळकतात. परंतु दूरचित्रवाणीवर आपलें पहिलें नाटक केव्हां होईल याची वाट पाहणाऱ्या लेखकाची अडचण निराळीच असते. कवीस कागद आणि पेन्सिल पुरते. कादंबरीकार वेळ पडल्यास पदरचे पैसे घालून पुस्तक छापवून घेतो. दूरचित्रवाणीच्या नाटककारास मात्र नट, दिग्दर्शक, कॅमेरे आणि प्रक्षेपणाची वेळ हीं सारीं दुसऱ्याच्या हातून मिळावयाचीं असतात. ज्याच्या लेखणीचा अद्याप कोणास अनुभव नाहीं, त्याच्यावर हा खर्च कोणी व कां करावा? इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १९७१ पासून सुमारें दहा वर्षें या प्रश्नाचें एक उत्तर देण्यांत आलें. त्याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

त्यापूर्वीं ब्रिटनमधील दूरचित्रवाणी-नाटकांचा कारभार बहुतांशीं लंडनमध्यें एकवटलेला होता. सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले गृहस्थ १९६३ सालीं बी.बी.सी.च्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि समकालीन जीवनावर स्वतंत्र नाटकें लिहवून घेण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. निर्माता, दिग्दर्शक आणि संहिता-संपादक अशी कामाची वांटणीहि त्यांनींच केली. तरी लंडनच्या कचेरींत ज्याची ओळख नाहीं, असा मनुष्य दूरच राहत असे. पुढें १९७१ सालीं बर्मिंगहॅमच्या पेबल मिल या नव्या इमारतींत इंग्लंडच्या प्रांतांसाठीं वेगळा नाट्यविभाग निघाला व त्याचीं सूत्रें डेव्हिड रोझ यांच्या हातीं आलीं. ‘झेड कार्स’ या पोलिसांच्या जीवनावरील मालिकेचे १९६२ मधील पहिले निर्माते तेच. लंडनबाहेर राहणाऱ्या व तेथील जीवनावर लिहिणाऱ्या लेखकांकडून नाटकें लिहवून घ्यावीं, हें त्यांचें काम. मुख्य कचेरी शंभर-सव्वाशे मैल दूर असणें हीहि एक सोयच ठरली.

बर्मिंगहॅमला तिकडे ‘सेकंड सिटी’, म्हणजे देशांतील दुसरें शहर, म्हणतात. त्यावरून ‘सेकंड सिटी फर्स्ट्‌स’ हें नांव घेऊन एक नाट्यमाला १९७३ ते १९७८ या काळांत बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर होत असे. प्रत्येक नाटक अर्ध्या तासाचें. एकांकिकेनें मराठी रंगभूमीस किती नाटककार दिले हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या अर्ध्या तासाचें महत्त्व विशद करून सांगण्याची गरज नाहीं. नवखा लेखक दीड तासाच्या नाटकांत मध्यावरच थकतो; मग पात्रें वाढवितो, प्रवेश लांबवितो. अर्ध्या तासांत एक-दोन खोल्या, चार-पांच माणसें आणि एकच पेंच, एवढ्यांत त्याला सारें आटपावें लागतें. खर्च थोडा, म्हणून जोखीमहि थोडी. एखादें नाटक पडलें, तरी त्याच्या पाठोपाठ दुसरें तयार असे. पडण्याची ही मुभा बक्षिसाहून मोलाची होय; कारण मोठ्या नाट्यमालेंत पडलेलें पहिलें नाटक शेवटचेंहि ठरण्याचें भय असतें.

संहिता-संपादकाचें कामहि नीट समजून घेतलें पाहिजे. तो परीक्षक नव्हे. परीक्षक गुण देतो आणि निघून जातो. संपादक लेखकास समोर बसवून संवाद कोठें रेंगाळला, कोणता प्रवेश कॅमेऱ्यास पेलणार नाहीं हें दाखवितो. दुसरा खर्डा मागतो, तिसरा मागतो. आणि या खटाटोपाचा मोबदला ठरविणारा करार लेखकाच्या हातीं असतो. हा करार विसरून चालणार नाहीं. ज्याच्या घरीं खावयास आहे, त्याला फुकट लिहितां येतें. दिवसभर नोकरी करणाऱ्यास ‘सहा महिने लिहून तर आणा, मग पाहूं’ असें सांगणें, हा नकार देण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

या दारांतून कोण आले? विली रसेल हे लिव्हरपूलचे, पूर्वीं बायकांचे केस कापण्याचा धंदा करीत. अ‍ॅलन ब्लीसडेल हेहि तेथलेच, पेशानें शाळामास्तर. त्यांच्या गोष्टी प्रथम स्थानिक नभोवाणीवर ऐकूं आल्या आणि ‘अर्ली टु बेड’ हें त्यांचें अर्ध्या तासाचें नाटक १९७५ सालीं या मालेंत झालें. त्याच ब्लीसडेल यांची ‘बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही पांच भागांची मालिका १९८२ सालीं प्रक्षेपित झाली, तेव्हां ब्रिटनमध्यें बेकारांची संख्या तीस लक्षांवर गेली होती. डांबरी रस्ते करणाऱ्या लिव्हरपूलच्या मजुरांची ती कथा. पांचांपैकीं चार भाग खर्चाच्या दृष्टीनें फिल्मऐवजीं व्हिडिओवर घेतले होते, पण प्रेक्षकांस त्यांत उणें कांहींच वाटलें नाहीं. अर्ध्या तासाचें नाटक आणि ही मालिका यांच्यामध्यें सात वर्षें गेलीं, ही गोष्ट घाईनें फळ मागणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

वसाहतींतून येऊन इंग्लंडांत स्थायिक झालेल्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट होता. पडद्यावर तीं माणसें दिसत, पण बहुधा दुसऱ्यानें लिहिलेलीं आणि थट्टेचा विषय झालेलीं. भारतीय पित्याच्या कन्या तारा प्रेम या रोझ यांच्या विभागांत संहिता-संपादक होत्या. त्यांनीं लिहिलेलें ‘अ टच ऑफ ईस्टर्न प्रॉमिस’ हें बर्मिंगहॅममधील आशियाई वस्तीचें नाटक १९७३ सालीं झालें. पुढें त्या निर्मात्या झाल्या आणि १९७७ सालीं त्यांनीं मायकेल अ‍ॅबेनसेट्स यांचें ‘ब्लॅक ख्रिसमस’ पडद्यावर आणलें. अ‍ॅबेनसेट्स हे ब्रिटिश गियानांत १९३८ सालीं जन्मलेले. लंडनच्या टॉवरमध्यें त्यांनीं पहारेकऱ्याची नोकरी केली होती व त्याच अनुभवावर पहिलें दूरचित्रवाणी-नाटक लिहिलें होतें. त्यांची ‘एम्पायर रोड’ ही मालिका १९७८ आणि १९७९ सालीं झाली. कृष्णवर्णीय लेखकानें मुख्यतः कृष्णवर्णीय नटांसाठीं लिहिलेली ब्रिटनमधील ती पहिली नाट्यमालिका मानतात. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागांतील एक गल्ली, तेथील घरमालक, दुकानदार, वेस्ट इंडियन मुलगा आणि भारतीय वंशाची मुलगी यांचें प्रेम, असा तिचा संसार.

दोन हप्त्यांनंतर ही मालिका थांबली. ती चांगली कीं वाईट याहून मोठी अडचण ही, कीं साऱ्या समाजाचें ओझें एकट्या लेखकाच्या खांद्यावर पडलें. इंग्रज लेखकाचें नाटक पडलें तर तो लेखक पडतो. अ‍ॅबेनसेट्स यांच्या बाबतींत मात्र प्रयोगच संपला असें समजलें गेलें. ज्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं, त्यांच्यांतील एकास बोलावून भागत नाहीं. दहांस बोलवावें लागतें, आणि दहांपैकीं सातांच्या अपयशाची तयारी ठेवावी लागते.

रोझ १९८१ मध्यें चॅनल फोरकडे गेले. १९८४ सालीं ‘प्ले फॉर टुडे’ ही मोठी नाट्यमाला बंद झाली आणि स्वतंत्र एकेरी नाटकाची जागा मालिकांनीं घेतली. बी.बी.सी.नें २००० सालीं ‘रायटर्सरूम’ हा नव्या लेखकांचा विभाग उघडला. कोणीहि पाठविलेलें हस्तलिखित तेथें वाचलें जाई, निदान पहिलीं दहा पानें तरी. ही व्यवस्था स्तुत्य आहे, पण वाचणें वेगळें आणि प्रक्षेपित करणें वेगळें. प्रत्यक्ष जागा मिळे ती ‘डॉक्टर्स’ या दुपारच्या मालिकेंत. तीहि २००० सालींच सुरू झाली, बर्मिंगहॅममध्येंच होत असे, आणि तिचाहि प्रत्येक भाग सुमारें अर्ध्या तासाचा. टीकाकारांनीं तिची फारशी दखल घेतली नाहीं. परंतु पडद्यावर पहिल्यांदा आपलें नांव वाचलें तें या मालिकेमुळें, असे अनेक लेखक आहेत.

वाढत्या खर्चाचें कारण देऊन ती मालिका २०२४ सालीं बंद करण्यांत आली. वांचलेला पैसा त्याच प्रांतांतील नव्या कार्यक्रमांवर खर्च होईल, असें आश्वासन देण्यांत आलें. पहिलें नाटक लिहिणाऱ्यानें आपलें हस्तलिखित यापुढें कोठें धाडावें, याचा मात्र त्यांत खुलासा नव्हता.