चोडण-दिवाडी: एका दिवसाची फेरीबोट

मागच्या महिन्यात गोव्यावर बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं : किनारे झाले, आता एक दिवस हातात आहे, कुठे जाऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. पणजीच्या शेजारी मांडवीत बेटं आहेत, चोडण आणि दिवाडी, आणि दिवाडीला खेटून छोटंसं वांशी. आजचा भाग या बेटांचा एक दिवस कसा आखायचा यावर.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. ही फेरीबोट आपल्यासाठी नाही. म्हणजे आपण चढायचं, जरूर चढायचं, पण ती 'बोट राइड' नव्हे, तो तिथल्या माणसांचा रस्ता आहे. दिवाडीवर पूल नाही. शाळेतली मुलं, मासळीची टोपली घेतलेल्या बाया, पणजीत नोकरी करणारे, डॉक्टरकडे निघालेले म्हातारे, सगळे याच सपाट लोखंडी तराफ्यावरून जातात. एका फेरीत मोजक्याच गाड्या मावतात. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या गाड्यांची रांग लागली, की कामावरून परतणारा माणूस स्वतःच्या घरासमोरच्या पाण्यापाशी दोन-दोन फेऱ्या उभा राहतो. घर समोर दिसतंय आणि जाता येत नाही! म्हणून माझा पहिला सल्ला : चारचाकी या काठावर ठेवा. पायी जा, नाहीतर दुचाकीवर जा. पायी माणसाला रांगच नसते, रॅम्प खाली आला की सरळ चढायचं.

आता सुरुवात. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या बस सुटतात. कंडक्टरला विचारून घ्या, "रायबंदरवरून जाते का?" काही बस बायपासने निघून जातात आणि आपण थेट जुन्या गोव्यात. रायबंदरवरून जाणारी बस घ्यायची ती त्या रस्त्यासाठीसुद्धा. पणजी ते रायबंदर हा तीनेक किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये घातला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. बस त्याच्यावरून आजही धावते. खिडकीची जागा मिळवा, एवढंच.

रायबंदरला लोक हमखास गोंधळतात ते धक्क्यांवरून. चोडणची फेरी जिथून सुटते तिथून दिवाडीची सुटत नाही. दिवाडीचा धक्का पुढे सां पेद्रोला आहे, आणि आणखी एक फेरी जुन्या गोव्यातून, व्हाइसरॉयच्या कमानीच्या खालून सुटते. बसमधून उतरण्याआधी कुठलं बेट ते ठरलेलं असू द्या.

आणि ते ठरवायचं भरती-ओहोटीवरून. हे मी ठासून सांगतो, कारण लोक हवामान बघतात, हॉटेल बघतात, भरतीचं वेळापत्रक कोणी बघत नाही. चोडणच्या टोकाला, फेरीतून उतरलात की लगेच, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जाहीर झालं 1988 मध्ये, आकार जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. सगळी खारफुटी. भरतीला पाणी आतल्या नाळांमध्ये शिरतं, तेव्हा होडीतून आत जाता येतं. ओहोटीला होडी अडते, पण चिखल उघडा पडतो आणि खरी गंमत तेव्हा सुरू होते. त्या चिखलात खेकडे, निवट्या, आणि ते टिपायला तुतवार, बगळे, खंड्या. होडी हवी तर भरती धरा. पक्षी हवेत तर ओहोटी, नाहीतर उतरतं पाणी. मला विचाराल तर उतरतं पाणी, पायवाटेवरून, दुर्बीण घेऊन. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यात मित्र गेला होता त्याची वेळ तुम्हाला लागू नाही. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा पाहुणे पक्षी असतात. डासांचं मलम विसरू नका. पक्षी दिसोत न दिसोत, डास दिसणारच.

चोडणवर मी दुपारपर्यंत थांबत नाही. गाव सुंदर आहे, पण दिवस एकच असेल तर तो दिवाडीला द्यावा. ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे त्यांनी तर चोडण सोडूनच द्यावं.

दिवाडीच्या धक्क्यावरून रस्ता सरळ शेतांमधून जातो. ही खाजन शेती. खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाला 'मानस' म्हणजे झडपांचं दार असतं. ओहोटीला ते आतलं पाणी बाहेर सोडतं, भरती चढली की पाण्याच्याच दाबाने बंद होतं. वीज नाही, मोटर नाही. कोरगुट नावाचा खाऱ्या मातीत तग धरणारा भात या जमिनीत होत आलाय. बांध फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, तर शेतात खारं पाणी भरतं आणि हंगाम गेला. रस्त्याने चालताना बांध दिसला तर त्याच्यावर गाडी चढवून फोटो काढू नका. पावसाळ्यात हा भाग डोळे निवतील इतका हिरवा असतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां असतो, झेंड्यांचा उत्सव. जुन्या काळी हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर झेंडे रोवले जायचे, त्याची ही चेष्टा. बघण्यासारखा आहे, फक्त त्या दिवशी फेरीला किती गर्दी असते याची तयारी ठेवून जा.

पुढे पिएदाद गाव. टेकडीवर चर्च आहे, तिथून मांडवीचा सगळा पसारा दिसतो, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्याचं छत कदंबकालीन कोरीवकामाचं. दुपारी गोवा झोपतो, हे लक्षात ठेवा. एक ते चार दुकान उघडं सापडलं तर नशीब. पाणी आणि खायला काहीतरी पाठीवर असू द्या.

आणि आता ज्यासाठी मी हा सगळा दिवस आखतो ते. बहुतेक लोक आले त्याच धक्क्यावर परत जातात. तसं करू नका. बेट ओलांडून उत्तरेच्या टोकाला, नार्व्याच्या धक्क्याला या. पायी आलात तर तासभर लागेल. तिथून छोटी फेरी पलीकडे डिचोली तालुक्यात जाते, आणि पलीकडच्या गावाचं नावही नार्वे. एकच नाव दोन काठांना का? सप्तकोटीश्वर हा कदंब राजांचा कुलदेव, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. त्याचं देऊळ होतं दिवाडीवर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लोकांनी लिंग नदीपार नेलं. पलीकडे देव बसला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. देऊळ लहान, कौलारू, झाडीत दडलेलं. मराठी माणूस गोव्यात दहादा जातो आणि इथे एकदाही येत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

त्या काळी हे पाणी ओलांडायला लोकांना काय काय करावं लागलं असेल! आज त्याच पाण्यावर मासळीवालीशेजारी उभं राहून पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोचता येतं.

परतीचे दोन मार्ग. नार्व्याहून डिचोली गाठा, तिथून पणजीची बस मिळते. किंवा पुन्हा फेरीने दिवाडी आणि तिथून जुने गोवे. दुसरा मार्ग घेणार असाल तर धक्क्यावर उतरल्या उतरल्या शेवटची फेरी किती वाजता ते फेरीवाल्यालाच विचारून ठेवा. फोनमधल्या वेळेवर जाऊ नका. आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला शक्यतो चढू नका, ती वेळ घरी परतणाऱ्यांची असते. चढलातच तर मागे उभे राहा, त्यांना आधी उतरू द्या.