गोळी आणि व्हिटॅमिन: मध्ये अंतर ठेवा
(कॅरी, नॉर्थ कॅरोलिना इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, साइटवरचा सुपरवायझर. साइटवर एक गोष्ट रोज सांगतो: काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवू नका, ताकद जाते. आजचा विषयही तसाच आहे.

आपल्यातले काही भाऊ एचआयव्हीची औषधं घेतात. थकवा आला, झोप उडाली की कुणालाही न विचारता व्हिटॅमिनची बाटली आणतात. व्हिटॅमिनने काय बिघडणार, असं वाटतं. पण बिघडतं.

भारतातल्या टीएलडी गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर असतं. इथे अनेकांना मिळणारी बिक्टार्व्ही त्याच घराण्यातली. पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम भेटलं की औषध त्यांना चिकटतं, रक्तात पुरेसं जात नाही. हे रोज झालं तर विषाणू वाढतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही.

डोल्युटेग्रॅव्हिरचा हिशोब लक्षात ठेवा. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन जेवणासोबत घेतलं तर गोळीही त्याच वेळी चालते. उपाशीपोटी असाल तर गोळी 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. डायजीन, जेलुसिलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या औषधांना जेवणाची सवलत नाही. तिथे 2 आणि 6 तास पाळायचेच. पहाटे 5 ला गोळी घेतली, तर डायजीन 7 नंतर.

काही व्हिटॅमिन मात्र गरजेची असतात. टीबीसाठी आयसोनियाझिड चालू असेल तर हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून डॉक्टर बी-6 देतात. ते बंद करू नका. उलट झिडोवुडिनमुळे रक्त कमी झालं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भरून निघत नाही; औषध बदलावं लागू शकतं. त्रास कशामुळे होतोय, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. अंगावर पुरळ आणि ताप, किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दाखवा. अशी लक्षणं असतील तर पुढची गोळी घेण्याआधी लगेच डॉक्टरांना विचारा; नसतील तर स्वतःहून गोळी थांबवू नका.

पैशाची, कागदपत्रांची भीती वाटते ना? रायन व्हाइट कार्यक्रमात उपचारासाठी इमिग्रेशनची अट नाही. एचआयव्हीमुळे अमेरिकेत प्रवेश नाकारण्याचा नियम 4 जानेवारी 2010 पासून रद्द झाला. आखातात मात्र नियम कडक आहेत, चाचणीवरून परत पाठवतात. तिकडे जाण्याआधीच चौकशी करा.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. गावाकडून आलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. फार्मासिस्टला दाखवा. तो विनामूल्य सांगतो, आणि विचारण्यात लाज कसली?