मरामतीचे व्रत

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाची भेट म्हणून पटांगणाला पक्की भिंत बांधून देण्याचा मनोदय आपल्यापैकी अनेकांनी व्यक्त केला आहे. त्या प्रेमाबद्दल मी आपली ऋणी आहे. मात्र ती भेट स्वीकारण्यापूर्वी एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे.

आपली शाळा डोंगरउतारावर वसलेली. दर पावसाळ्यात पटांगणाची माती ओढ्याला मिळते. ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याचा पाया आज उघडा पडला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही खालच्या अंगाला सिमेंटची भिंत घातली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात ती कोसळली. रात्रीची वेळ होती, म्हणून मुले वाचली. चूक आमचीच होती. भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याला आम्ही वाटच ठेवली नव्हती.

ही चूक मला नीट उमगली ती दूर तंजावरात. व्यंकोजीराजांनी जेथे भोसल्यांची गादी स्थापली, त्या नगरीतील बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला मराठी शिलालेख पाहण्यासाठी आम्ही काही शिक्षक गेलो होतो. ओढ इतिहासाची होती. पण मनात घेऊन आलो ती भोवतालची कावेरीकाठची गावे.

तो त्रिभुज प्रदेश सपाट, नजर पोहोचेल तेथवर भातखाचरांचा. त्याचा आपल्या डोंगराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की ती भूमी डोंगरांच्याच मातीची आहे. कोडगूतील तलकावेरीहून निघालेली नदी हजारो वर्षे वरची माती वाहून आणीत राहिली आणि सपाटीवर वेग मंदावताच ती खाली ठेवीत गेली. पाणी धावते तेव्हा माती उचलते, थबकते तेव्हा माती ठेवते. मृदसंधारणाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

त्या प्रदेशाच्या शिरोभागी करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन दगडी बंधारा आहे. तो पाणी कोंडून ठेवीत नाही. वळवतो आणि वाटून देतो. पुढे कालव्यांतून पाणी गावोगाव जाते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सुटते. ते येण्यापूर्वी पाट उपसलेले आणि बांध दुरुस्त झालेले असावे लागतात. गावकऱ्यांनी मिळून तळी व पाट राखण्याच्या जुन्या रिवाजाला तिकडे ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. कुडी म्हणजे रयत, आणि मरामत्तु म्हणजे आपलीच मरामत! तमिळनाडू शासनाने २०१७ मध्ये याच नावाची योजना सुरू करून तो रिवाज पुन्हा जागवला. हा शब्द ऐकला आणि आपली पडलेली भिंत डोळ्यांपुढे उभी राहिली. आम्ही बांधकाम केले होते, मरामत कधीच केली नव्हती.

म्हणून माझी विनंती अशी. पटांगणाच्या वरच्या अंगाला उताराला आडवा चर खणावा, म्हणजे डोंगराचे पाणी मैदानात न शिरता बाजूने ओढ्याकडे जाईल. छपरांना पन्हळी लावाव्यात. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटर पाणी होते. आज ते सारे थेट मातीवर कोसळते. मैदान एका सलग उताराऐवजी दोन टप्प्यांत करावे आणि टप्प्याला बिनसिमेंटचा दगडी गडगा घालावा. त्याच्या फटींतून पाणी झिरपते, माती मागे राहते. जेथे सिमेंटची भिंत अटळ असेल, तेथे निचऱ्याची भोके ठेवावीत. उताराच्या कडांना वाळा लावावा. कावेरीच्याच खोऱ्यात, म्हैसूरकडील गुंडलुपेट भागात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधांवर वाळा राखीत आले आहेत. त्याची मुळे आडवी न पसरता दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, आणि दाट ठोंबांची ओळ वाहत्या पाण्याला थबकवते.

या कामाला भिंतीपेक्षा पैसा कमी लागेल. पण त्याला दरवर्षी हात लागतील. चर गाळाने भरतो, पन्हळीत पाला अडकतो, गडग्याचा दगड निसटतो. म्हणून देणगीच्या पावतीबरोबर मी आपल्याकडे एक वचन मागते. दरवर्षी मृगापूर्वीच्या रविवारी प्रत्येक तुकडीतील काही जणांनी शाळेत यावे, पालकांनी घमेली-फावडी आणावीत, आणि विद्यार्थ्यांबरोबर मिळून शाळेची मरामत करावी. कोनशिलेवर नाव कोरले जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण मातीचा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तो आपल्या हातून राखला जाईल.

साठ वर्षांत या पटांगणाने आपल्याला उभे राहायला शिकवले. आता त्याच्या पायाखालची माती राखणे आपल्याकडे आले आहे. येत्या मृगापूर्वी मी चरावर आपली वाट पाहीन.

जय हिंद, जय महाराष्ट्र.