जुन्या उपकरणांची विक्री आणि परताव्याचे वाद

इसवी सन १९९५ च्या सप्टेंबर महिन्यात पिअर ओमिडयार या अमेरिकेतील संगणक-अभियंत्याने इंटरनेटवर लिलावाचे एक ठिकाण सुरू केले. त्या वेळी त्याचे नाव ऑक्शनवेब असे होते. पुढे ते ईबे या नावाने जगभर परिचित झाले. तेथे अगदी आरंभी विकल्या गेलेल्या वस्तूंत एक नादुरुस्त लेसर पॉइंटर होता. १४ डॉलर ८३ सेंट या किमतीला तो विकला गेला. आपण घेत आहोत ती वस्तू मोडकी आहे हे ग्राहकाच्या ध्यानात आले आहे ना, अशी विचारणा ओमिडयार यांनी केली. तेव्हा मोडके पॉइंटर जमविण्याचा आपल्याला छंदच आहे, असे उत्तर त्याने दिले. ही हकीकत त्या कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते.

या लहानशा व्यवहारात पैसे परत मागण्याचा प्रश्न उद्भवला नाही. वस्तू चांगली होती म्हणून नव्हे. ती तर बंदच होती. जे सांगितले होते तेच हाती पडले, हे त्याचे कारण होय. जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे दूरच्या ग्राहकाला विकताना जे वाद उत्पन्न होतात, त्यांचे मूळ पुष्कळदा वस्तूच्या दोषात नसते; सांगितलेले आणि मिळालेले यांमधील अंतरात असते. हे अंतर कसे पडते, आणि ते पडल्यावर विक्रेत्याने काय करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जुन्या वस्तूंचा व्यापार आपल्या देशाला नवा नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत ग्राहक दुकानदारासमोर उभा राहतो, यंत्र सुरू करावयास लावतो, कळा दाबून पाहतो, आवाज ऐकतो आणि मग भाव ठरवितो. त्याचे डोळे आणि हात हीच त्याची हमी असते. इंटरनेटवरील विक्रीत ही हमी नाहीशी होते. ग्राहकापुढे उरतात ती चार छायाचित्रे आणि दोन ओळींचे वर्णन. वस्तूविषयीचे बहुतेक ज्ञान एकाच पक्षाकडे राहते.

अशा विषम ज्ञानाचा बाजारावर काय परिणाम होतो, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन केले. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सरासरीचीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्यांचीच संख्या वाढत जाते. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परतावा देण्याची व्यवस्था ही याच दुखण्यावरील एक उपाययोजना होय. ‘सांगितल्याप्रमाणे वस्तू निघाली नाही तर पैसे परत मिळतील’ हा भरवसा असल्याखेरीज अनोळखी माणसाकडून जुने यंत्र कोणी योग्य किमतीला घेणार नाही. म्हणून परतावा हा विक्रेत्याचा शत्रू आहे, ही समजूत प्रथम सोडून दिली पाहिजे.

आता एक उदाहरण कल्पावे. कोइमतूर येथील एका गृहस्थाने चार वर्षे वापरलेला आपला लॅपटॉप १८,००० रुपयांना विकावयास काढला. ‘उत्तम स्थितीत, जपून वापरलेला’ एवढेच वर्णन त्याने लिहिले. इंदूर येथील एका विद्यार्थिनीने तो घेतला. पार्सल पोचले, यंत्र सुरूही झाले. परंतु विजेची जोडणी काढली की चाळीस मिनिटांत ते बंद पडू लागले. तिने पैसे परत मागितले. विक्रेत्याच्या घरी ते यंत्र सदैव टेबलावर विजेला जोडलेले असे; बॅटरी किती वेळ टिकते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. तो खोटे बोलला नव्हता, आणि तीही खोटे बोलत नव्हती. तिची दोन वर्षांची शिल्लक त्या यंत्रात गेली होती. त्याने आलेली रक्कम मुलाच्या शुल्कापोटी भरून टाकली होती. दोघांनाही आपण फसविले गेलो असे वाटले. बहुसंख्य वादांचे स्वरूप असेच असते.

याबाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३० च्या मालविक्री अधिनियमातील कलम १६ मध्ये ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ हे जुने तत्त्व मान्य केलेले आहे; पण त्याला महत्त्वाचे अपवादही आहेत. कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, आणि हा नियम नित्याच्या व्यापाऱ्याप्रमाणे एकदाच विक्री करणाऱ्या गृहस्थालाही लागू पडतो. कलम ४१ अन्वये न पाहिलेली वस्तू तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने ती स्वीकारली असे मानले जात नाही. उलटपक्षी, कलम ४२ प्रमाणे वाजवी काळ उलटून गेल्यावरही त्याने काहीच न कळविता वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असे समजले जाते. कायद्याचा तोल असा दोन्ही बाजूंनी राखलेला आहे.

नित्य विक्री करणाऱ्यांवर याहून अधिक बंधने आहेत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या जागी २०१९ चा अधिनियम आला आणि २०२० पासून तो अमलात आहे. त्याखालील ई-वाणिज्य नियमांनुसार, सदोष अथवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. घरातील जुनी वस्तू क्वचित विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. परंतु कराराचा कायदा तिलाही सुटलेला नाही. ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपविणे ही १८७२ च्या करार अधिनियमाच्या दृष्टीने फसवणूकच होय. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहिल्याने चुकीच्या वर्णनाची जबाबदारी टळत नाही.

यावरून विक्रेत्याचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते. ‘उत्तम’, ‘नव्यासारखा’ हे शब्द मोघम आहेत, आणि मोघम शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. त्याऐवजी मोजता येण्याजोगी माहिती द्यावी. यंत्र कोणत्या वर्षी घेतले, बॅटरी विजेविना किती मिनिटे चालते, कोणती कळ अडकते, बिजागरी सैल आहे काय, स्क्रीनवर ठिपके आहेत काय, कोणता भाग पूर्वी बदलला आहे, चार्जर मूळचा आहे की दुसरा, हे सर्व लिहावे. दोषाचे छायाचित्र सर्वांत जवळून घ्यावे. मोबाईल असेल तर त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक शासनाच्या संचार साथी या व्यवस्थेवर आधीच पडताळून घ्यावा; चोरीस गेला म्हणून बंद केलेला फोन हाती आला, तर ग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य असते. तसेच फोन पुसून मूळ स्थितीत आणण्यापूर्वी आपले खाते त्यातून काढावे. ते राहून गेले तर फोन नव्या मालकाला उघडत नाही आणि चांगली वस्तूही ‘बिघडलेली’ ठरते. अशी तक्रार आल्यास पैसे परत करण्याची घाई करू नये. ते खाते पुष्कळदा दूर राहूनही काढून टाकता येते.

दुसरे कर्तव्य पुराव्याचे. वस्तू पाठविण्याच्या दिवशी यंत्र चालू असलेले, त्यावरील अनुक्रमांक दिसत असलेले आणि शेवटी खोक्यात बंद होत असलेले, असे एकसलग चित्रीकरण करून ठेवावे. पार्सलचे वजन पावतीवर नोंदवून घ्यावे. वाटेत आदळआपट होणारच असे धरून वस्तू बांधावी. मालविक्री अधिनियमाच्या कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या स्वाधीन करणे ही सामान्यतः ग्राहकाला दिलेली पोच समजली जाते. परंतु वाहतुकीची व्यवस्था वाजवी काळजीने केली नसेल आणि माल बिघडला, तर ग्राहक ती पोच नाकारू शकतो. शिवाय विक्री एखाद्या बाजारपेठ-कंपनीमार्फत झाली असेल, तर मालाच्या सुरक्षित पोचीची जबाबदारी त्या कंपनीच्या अटी विक्रेत्यावर टाकतात काय, हे आधीच वाचून घ्यावे.

इतके करूनही तक्रार येऊ शकते. तिचे पहिले उत्तर कसे दिले जाते यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. उत्तर त्याच दिवशी द्यावे. त्यात आरोप नसावा आणि कबुलीही नसावी, प्रश्न असावेत. दोष केव्हा दिसला, कोणत्या स्थितीत दिसतो, खोके बाहेरून फाटले होते काय, अनुक्रमांक कोणता आहे, हे विचारावे आणि छायाचित्रे मागावीत. सर्व बोलणे लेखी, आणि शक्यतो ज्या ठिकाणी व्यवहार झाला त्याच ठिकाणी करावे. दूरध्वनीवर दिलेले शब्द पुढे दोघांनाही वेगवेगळे आठवतात.

उत्तरे मिळाल्यावर तक्रारीचा प्रकार ठरवावा. वर्णन चुकले असेल, तर वस्तू परत घेऊन वाहतूकखर्चासह पूर्ण पैसे देणे योग्य. वाटेत मोडतोड झाली असेल, तर वाहतूकदाराकडे त्याच्या मुदतीत दावा करावा. मात्र तो दावा निकालात निघेपर्यंत ग्राहकाला तिष्ठत ठेवू नये. ग्राहकाचे केवळ मन बदलले असेल, तर आधी सांगितलेल्या अटी लागू होतात. आणि वस्तू उपयोगी आहे, पण एका बाबतीत उणी आहे, अशी स्थिती असेल, तर अंशतः परतावा हा मार्ग बहुधा दोघांनाही कमी खर्चाचा पडतो. यालाही कायद्याचा आधार आहे: कलम ५९ नुसार हमीचा भंग झाल्यास ग्राहकाला किमतीत घट मागता येते.

अप्रामाणिक ग्राहकही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोणी आतील भाग काढून घेऊन यंत्र परत पाठवितो, कोणी दुसरेच बिघडलेले यंत्र धाडतो. म्हणून परत आलेले पार्सलही चित्रीकरण करीतच उघडावे आणि अनुक्रमांक ताडून पाहिल्यावरच पैसे द्यावेत. दुसरा एक प्रकार सध्या फार आढळतो. ‘चुकून जास्त रक्कम पाठविली, वरची रक्कम परत करा’ असा निरोप येतो आणि सोबत बँकेचा भासणारा खोटा संदेश असतो. अशा वेळी संदेशावर नव्हे, आपल्या खात्यातील प्रत्यक्ष शिलकीवर विश्वास ठेवावा. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करावेत. आणि पैसे मिळविण्यासाठी युपीआयचा गुप्त क्रमांक कधीच द्यावा लागत नाही, हे विसरू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

दोन पक्षांचे जमत नसेल तर तिसऱ्याची गरज भासते. १९९९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ईथन कॅट्श यांनी ईबेवरील तंट्यांसाठी एक प्रयोग केला. मध्यस्थाने केवळ ई-मेलद्वारा दोन्ही बाजूंशी बोलावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. दोन आठवड्यांत सुमारे दोनशे तंटे त्याच्याकडे आले. पुढे मोठ्या बाजारपेठ-कंपन्यांनी स्वतःची तंटा-निवारण व्यवस्था उभारली. आधी उभयतांना बोलण्यासाठी ठरावीक दिवस, आणि त्यानंतरच कंपनीचा निर्णय, हा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. या दिवसांत जो पक्ष गप्प राहतो तो बहुधा हरतो. आपल्याकडे ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर, आणि व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार असल्यास स्वतःच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. इंदूरच्या ग्राहकासाठी कोइमतूरच्या व्यापाऱ्याला इंदुरात उत्तर द्यावे लागू शकते, हे व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावे.

कोइमतूरच्या त्या गृहस्थापुढे आता कोणता मार्ग आहे? यंत्र परत मागवावे, तर दोन वेळचा वाहतूकखर्च आणि पुन्हा ग्राहक शोधण्याचे श्रम. तक्रार नाकारावी, तर दीर्घ तंटा, आणि तोही दुबळ्या बाजूने. कारण ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द त्याचेच आहेत. नवी बॅटरी समजा ३,००० रुपयांना मिळत असेल, तर तेवढी रक्कम परत देण्याची तयारी त्याने दाखवावी, आणि ती मान्य नसल्यास यंत्र परत घेण्यास तयार असल्याचेही त्याच पत्रात लिहावे. निवड विद्यार्थिनीच्या हाती राहील. परीक्षा तोंडावर असेल तर ती बहुधा बॅटरी बदलून घेईल.

परंतु हेच ३,००० रुपये त्याला आधीही वाचविता आले असते, असे मात्र नाही. ‘बॅटरी चाळीस मिनिटे टिकते’ असे लिहिले असते, तर किंमत आरंभीच तेवढी उतरली असती. वाचला असता तो दोघांचा मनस्ताप आणि दोन अनोळखी माणसांमधील विश्वास. जुन्या वस्तूत दोष असणे हा अपराध नव्हे. तो कोणी सांगावयाचा, विक्रेत्याने आधी की ग्राहकाने नंतर, एवढाच प्रश्न असतो; आणि तो सोडविण्याची सर्वांत स्वस्त वेळ वर्णन लिहिण्यापूर्वीची, यंत्र टेबलावरून उचलून विजेची जोडणी काढून पाहण्याची होय.