सात बोटांची लांबी

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हें गांव लागतें. दोहों बाजूंस धानाच्या बांध्या आणि मधून सडक. ह्या मुलखांत माणसांनीं बसून जाण्याची जी हलकी बैलगाडी, तिला दमणी म्हणतात. खाचरांत माल जाई, दमणींत माणसें जात. धुरकरी पुढें धुरेपाशीं अवघडून बसे आणि धनी मागें गादीवर लोडाला टेकून बसे. मागें भार फार झाला म्हणजे गाडी उलाळ होई आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जाई. तेव्हां मागच्यांनीं थोडें पुढें सरकावें लागे. पुढें हांकणारा कोण आणि मागें बसणारा कोण, हा भेद मोटारीनें निर्माण केला नाहीं. तो दमणींतही होता. मोटारीनें त्यास मोजमाप दिलें, आणि तें मोजमाप हल्लीं कारखानदार मिलीमीटरांत जाहीर करूं लागले आहेत.

दिनांक ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं मर्सिडीज-बेंझ कंपनीनें आपल्या ई-क्लास नांवाच्या मोटारीची सहावी पिढी भारतांत विक्रीस आणिली. ही मोटार पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यांत जोडली जाते. तिच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर, ज्यास मोटारीच्या धंद्यांत व्हीलबेस म्हणतात, तें ३,०९४ मिलीमीटर आहे. हीच मोटार युरोपांत ज्या आखूड बांधणीची मिळते, तिचें हेंच अंतर २,९६१ मिलीमीटर. वजाबाकी केली म्हणजे उरतात १३३ मिलीमीटर. म्हणजे एक वीतही नव्हे; आडवीं धरलीं तर सात बोटें. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें आपल्या फाइव्ह सीरीज मोटारीची लांब आवृत्ति भारतांत आणिली होती. ती चेन्नईस जोडली जाते व तिचें अंतर ३,१०५ मिलीमीटर आहे. दोन जर्मन कंपन्यांनीं एकाच वर्षीं, तीन महिन्यांच्या आंत, एकाच प्रकारची चढाओढ करावी, ह्यावरून गिऱ्हाइकाचा कल कोणीकडे आहे तें उघड होतें.

हीं सात बोटें जातात कोठें? यंत्राची जागा तेवढीच राहते. चालकाच्या आसनापुढील जागाही तेवढीच राहते. सर्व वाढ मागच्या दारांत आणि मागच्या बैठकींत होते. दार लांब होतें, गुडघ्यांपुढें मोकळी जागा येते, पाठ ३६ अंशांपर्यंत कलती करतां येते, आणि मागें बसणाऱ्यास पाय पसरावेसे वाटले तर चालकाशेजारचें रिकामें आसन पुढें सरकवितां येतें. जो मनुष्य दिवसाचे दहा तास त्या मोटारींत काढतो, त्याच्या वांट्यास ह्या वाढींतून एक बोटही येत नाहीं.

मागच्या बैठकीसाठीं मोटार लांब करण्याची रीत मात्र नवी नाहीं. ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं उंची मोटारींचे कारखाने बहुधा यंत्र व सांगाडा एवढेंच करून देत. वरचें दालन ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणें निराळे कारागीर बांधीत, आणि दालन केवढें हवें त्यावरून सांगाड्याची लांबी ठरे. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. घाटांच्या त्या चढउतारांत 'पर्ल ऑफ द ईस्ट' ह्या नांवाच्या रोल्स-रॉइस मोटारीनें बाजी मारिली, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं विकत घेतली. संस्थानिकांच्या मोटारी लांब असत, ह्याचें कारण त्यांत संस्थानिक मागें बसत. स्वतः मोटार हांकण्याची हौस असलेल्यांनीं निराळ्या, आखूड मोटारी ठेवाव्या, हेंही तेव्हांपासूनचेंच.

संस्थानें गेलीं, पण चालक राहिला. युरोप-अमेरिकेंत पगारी चालक ठेवणें फार महाग पडूं लागलें, आणि मोठमोठ्या पगाराचीं माणसेंही आपली मोटार आपणच हांकूं लागलीं. त्यामुळें तेथें लांब बांधणी फक्त अतिउंची मोटारींपुरती उरली. उलट चीनमध्यें नवश्रीमंत वर्ग उदयास आला तो मागच्या बैठकीवर बसूनच. २०१० सालीं मर्सिडीजनें खास चीनसाठीं ई-क्लासची लांब आवृत्ति काढिली. भारतांत ह्या कंपनीचें कार्य १९९४ सालीं सुरू झालें व पहिल्या मोटारी १९९५ सालीं पुण्यास टेल्कोच्या आवारांत जोडल्या गेल्या. स्वतःचा चाकणचा कारखाना २००९ सालचा. येथें २०१७ सालच्या फेब्रुवारींत लांब ई-क्लास आली, आणि उजव्या बाजूस सुकाणू असलेली अशी ती जगांतील पहिलीच होती. २०२१ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली, आणि २०२४ सालीं वर सांगितलेली नवी पिढी. एस-क्लास ही त्याहून मोठी मोटारही चाकणलाच जोडली जाते. तयार मोटार परदेशांतून आणिली तर जकात फार बसते, सुट्या भागांवर ती पुष्कळ कमी, म्हणून हे कारखाने येथें आले, हें सरळच आहे. त्यास देशप्रेमाचें किंवा देशद्वेषाचें नांव देण्याचें कारण नाहीं.

आतां लांब मोटारीचा गुण-दोष यंत्रशास्त्राच्या बाजूनें पाहूं गेलें असतां प्रथम गुण सांगावा. चाकांतील अंतर वाढलें म्हणजे खड्ड्यांत पुढचें चाक व मागचें चाक ह्यांच्या आपटण्यांत अंतर पडतें, आणि मोटार पुढें-मागें डोलते ती कमी डोलते. लांब होडी लाटांवर कमी हेलकावते, तसेंच हें. दोष असा कीं, वळण मोठें लागतें. जुन्या पेठेंतील बोळांत आखूड मोटार एका दमांत वळेल तेथें लांब मोटारीस मागें-पुढें करावें लागेल. एस-क्लाससारख्या मोटारींत मागचीं चाकेंही किंचित् वळविण्याची योजना आहे, ती ह्याचसाठीं.

परंतु अड्याळसारख्या गांवाच्या सडकेवर खरी परीक्षा होते ती वळणाची नव्हे, गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेनें गतिरोधकाचें प्रमाण ठरवून दिलें आहे: रस्त्याच्या दिशेनें रुंदी ३.७ मीटर, मध्यभागीं उंची १० सेंटिमीटर, आणि गोलाई १७ मीटर त्रिज्येची. असा गतिरोधक म्हणजे एक पसरट पाठ असते. ३.०९ मीटर अंतराची मोटार तिच्या मधोमध आली असतां चारही चाकें त्या पाठीवरच उभीं असतात. हिशेब केल्यास मोटारीच्या पोटाखालची मोकळी जागा मध्याशीं सुमारें ७ सेंटिमीटरांनीं कमी होते. आखूड मोटार असती तर ती साडेसहा सेंटिमीटरांच्या आंतबाहेर कमी झाली असती. म्हणजे सात बोटांनीं केलेला फरक अर्ध्या सेंटिमीटराचा. पोट घांसण्याचें खापर मोटारीच्या लांबीवर फोडणारे लोक हा हिशेब करीत नाहींत.

प्रत्यक्षांत गांवोगांवच्या सडकांवर पाठ नसते, वरवंटा असतो. कोणी शाळेपुढें, कोणी देवळापुढें, एखाद्या अपघातानंतर रातोरात डांबराचा किंवा सिमेंटचा उंच, अरुंद बांध घालितो. हातभर रुंदीच्या अशा बांधावर चारही चाकें एकदम उभीं राहूं शकत नाहींत. पुढचीं चाकें पलीकडे, मागचीं अलीकडे आणि बांध बरोबर पोटाखालीं. त्यामुळें त्याची उंची १५ सेंटिमीटर असली तर ते सगळे १५ सेंटिमीटर मोकळ्या जागेंतून वजा होतात. तेथें लांब काय आणि आखूड काय, दोन्ही घांसतात. बांध घालणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. पोर चाकाखालीं जाऊं नये एवढेंच त्यांस हवें असतें. पण त्याच बांधावरून रुग्णवाहिका जाते, आणि तींत बाळंतीण असते. प्रमाणशीर गतिरोधकास चार पाट्या डांबर अधिक लागतें, दुसरें कांहीं नाहीं.

किंमतीविषयीं थोडक्यांत. नव्या ई-क्लासची आरंभींची किंमत ७८ लाख ५० हजार रुपये जाहीर झाली. नोंदणी व विमा त्यावर निराळा. २०२४ सालीं भारतांत सर्व मिळून सुमारें ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांत ह्या कंपनीच्या सर्व प्रकारच्या मिळून १९,५६५ होत्या. म्हणजे हजारांत पांचांहूनही कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. तेव्हां मोठ्या मोटारींवरील कर उपकर जमेस धरून पूर्वीं ४८ ते ५० टक्क्यांपर्यंत जाई, तो ४० टक्के झाला. आणि ट्रॅक्टरावरील १२ टक्के होता तो ५ टक्के झाला. अड्याळच्या बांध्यांत चिखलणी करणाऱ्यास ह्यांतला दुसरा आंकडाच कामाचा.

तरीही ह्या जिल्ह्याचा मोटारधंद्याशीं कांहींच संबंध नाहीं असें मात्र नव्हे. गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, आणि वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यांत मोटारधंद्यास लागणारें मिश्र पोलाद तयार होतें. तुमसरच्या बाजूस मँगनीजच्या खाणी आहेत, आणि मँगनीजावांचून पोलाद होत नाहीं. उंची मोटार येथें क्वचित् दिसत असेल. मोटारीचा कच्चा माल आणि मोटारीस लागणारे हात येथें रोज दिसतात.

आतां मागच्या बैठकीची एक गोष्ट, जी मोटारींच्या जाहिरातींत येत नाहीं.

दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाशीं एका उंची मोटारीस अपघात झाला. पुढें बसलेलीं दोघें पट्टे बांधून बसलीं होतीं. तीं जबर जखमी झालीं, पण वांचलीं. मागें बसलेले दोघे दगावले, आणि त्यांत टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री होते. मागच्या दोघांनीं पट्टे लाविले नव्हते, असें तपासांत आढळलें. त्यानंतर मुंबई पोलिसांनीं १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांसही पट्टा सक्तीचा असल्याचें जाहीर केलें. वास्तविक नियम त्यापूर्वीपासूनच होता. पाळला मात्र जात नव्हता.

मागें बसणाऱ्यास असें वाटतें कीं, पुढें दोन आसनें आहेत, तींच आपली ढाल. हें खरें नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एकाएकीं थांबली तर आंतील मोकळें माणूस त्याच वेगानें पुढें जातें, आणि तो वेग सुमारें १४ मीटर उंचीवरून खालीं पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका असतो. १४ मीटर म्हणजे चार मजल्यांहून अधिक. समृद्धि महामार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे ती उंची चौपट होते, ५६ मीटर. मागचें मोकळें माणूस पुढच्या आसनावर आदळतें तेव्हां तें स्वतःच जातें असें नाहीं, पट्टा बांधलेल्या चालकासही घेऊन जाऊं शकतें.

आणि येथें त्या सात बोटांचा पुन्हा प्रश्न येतो. गुडघ्यांपुढें जागा जितकी अधिक, तितकें मोकळें माणूस आदळण्यापूर्वीं अधिक अंतर उडत जातें. पाठ फार कलती करून झोपल्यास पट्टा बांधलेला असूनही धोका राहतो. आडवा पट्टा कमरेच्या हाडांवर बसावयाचा, तो सरकून मऊ पोटावर चढतो आणि शरीर त्याच्या खालून पुढें घसरतें. म्हणून मोटार चालू असतांना पाठ शक्य तितकी उभी, आडवा पट्टा मांड्यांच्या वर पण पोटाच्या खालीं, आणि तिरपा पट्टा खांद्यावरून, मानेवरून नव्हे, अशी बैठक असावी. लवंडावयाचें असेल तर मोटार थांबल्यावर.

मोटार वाहन कायद्याचें कलम १९४-ब मोठें चमत्कारिक आहे. पट्टा न लावतां जो वाहन चालवील, किंवा पट्टा न लाविलेले उतारू जो नेईल, त्यास एक हजार रुपये दंड, असें तें म्हणतें. म्हणजे मागें धनी पट्टा न लावतां बसला तर कायद्याची बोट प्रथम चालकाकडे वळते. धन्यास "साहेब, पट्टा लावा" असें म्हणणें ज्याच्या नोकरीस जड जावें, त्याच्याचकडे. दमणीचा धुरकरी गाडी उलाळ होतांच मागें वळून "मालक, थोडें पुढें सरका" असें बेधडक म्हणे, आणि मालक मुकाट्यानें सरके. कारण न सरकल्यास गाडीच पुढें जात नसे. ७८ लाखांची मोटार मागच्या पट्ट्यावांचूनही चालूं लागते. कांहीं घरांत ह्यावर तोड निघाली आहे. चालक किल्ली लावतो, पण मागून पट्ट्याचा खटका ऐकूं आल्याशिवाय गाडी हलवीत नाहीं. आणि तसें करण्याची आज्ञा त्यास धन्यानेंच, नोकरीच्या पहिल्या दिवशीं, घरच्या सर्व मंडळींसमक्ष दिलेली असते.