आकडा आजचा हवा

ताईंनो, १५ मार्च १९५९ ला गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत झालं. तिथली रीत बघा: पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, वजन झालं की नोंद आणि लाटण्याचे पैसे हातात.

आपलं काय होतं? दादरच्या स्टॉलवर चकल्या खपतात आणि नोंद महिनाअखेरीस! तोवर गावात आपण संपलेल्या मालाची ऑर्डर घेऊन बसतो. गिऱ्हाईक एकदा ऐकून घेतं, दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणून मोबाईलवर गुगल फॉर्म. प्रश्न तीनच: माल कोणता, पाकिटं किती, आली की विकली. तारीख-वेळ आपोआप पडते आणि नोंद जोडलेल्या शीटमध्ये जाऊन बसते. शिल्लक मात्र वेगळ्या पानावर काढा आणि सूत्र अख्ख्या रकान्याला लावा, नाहीतर नव्या ओळी हिशोबात येत नाहीत. शेजारी ‘शेवटची नोंद कधीची’ हेही दिसू द्या. कुणी भरलंच नाही, तर शीट कालचाच आकडा ऐटीत दाखवते.

यूपीआयचा मेसेज पैसे सांगतो. चकली गेली की लाडू, ते नाही सांगत. रेंज नसेल तेव्हा वही आहेच.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा, चकलीचा फॉर्म तिथेच करू.